भंगारातलं कॉकपिट आणि मागची सीट

विहिरीवरच्या मोटरला झाकण करायला पत्र्याचा तुकडा हवा होता, एवढ्यासाठी मी त्या सकाळी यवतमाळला भंगाराच्या आवारात गेलो होतो. धामणगाव रोडला दोन भावांची ती जागा. समोर धाकटा ट्रकच्या बॉडीचं डेंटिंग-पेंटिंग करतो, मागे थोरला भंगार घेतो. माझ्या जुन्या जीपचं काम धाकट्यानेच केलेलं, त्यामुळे येणं-जाणं होतं. “जा काका मागं, पाहा काही कामाचं सापडते तं,” तो म्हणाला, आणि मी कूलरच्या सांगाड्यांतून, मोडक्या पलंगांतून वाट काढत मागे गेलो.

कुंपणाला लागून फाटक्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं पडलं होतं. फाटीतून आतला रंग दिसत होता. मोरपंखी म्हणावा तर तेवढा गडद नाही, आकाशी म्हणावा तर त्यात हिरवं जास्त. तो रंग मी भिंतीवर, बसवर, साडीवर कधी पाहिलेला नाही. तो एकाच ठिकाणी असतो. मी ताडपत्री ओढली.

लढाऊ विमानाचं कॉकपिट होतं ते. वैमानिकाच्या बसायच्या जागेच्या मागून गॅस कटरने कापलेलं, कडा वितळून थेंब थेंब गोठलेल्या. आत माती, लिंबाचा पाला, गांधीलमाशीचं पोळं. सीट नव्हती. समोरच्या पाटीत घड्याळांच्या जागी गोल भोकं. पाच-सहा घड्याळं तेवढी उरलेली. पाटीच्या मधोमध, वैमानिकाला दांडा सरळ धरायची खूण म्हणून असतो तो उभा पांढरा पट्टा मात्र स्वच्छ दिसत होता. मी आत हात घातला. उजव्या बाजूला बटणांची रांग असते. बोटं न बघता एकेका बटणावर जाऊन थांबली.

“काका, हात कापून घ्यान,” थोरला मागून ओरडला. “उद्या तोडून राह्यलो थे.”

“कुठून आलं हे?”

“तिकडे एका कॉलेजात पाहाले ठेवलं होतं म्हणे. कॉलेज बंद पडलं, लिलाव झाला. पंखं-बिंखं तिथंच कापले. हे नाक तेवढं आलं माह्याकडे.”

“तोडू नको.”

“काहून?”

मी हात बाहेर काढला.  मग म्हटलं, “मी याच्यावरच कामाले होतो. वीस वर्षं.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या तुकड्याकडे. “मंग घेऊन जा. याच्या बदल्यात लोखंड आणून टाका, झालं.”

शेतात वडिलांच्या वेळचं मळणीयंत्र गंजत उभं होतं. ते मी दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याच्या आवारात पोचवलं आणि त्याच ट्रॉलीत विमानाचं नाक घालून बाभुळगावला घरी आणलं.

मी हवाई दलात घड्याळवाला होतो. कामाचं नाव लांबलचक होतं, पण आम्ही आपसात असंच म्हणायचो. उंची, वेग, तेल, इंजिनाची उष्णता, जे जे काट्यावर दिसतं ते सगळं आमच्याकडे. पहाटे विमानाला शिडी लावायची, आत बसून एकेक काटा तपासायचा, काच पुसायची. मग वैमानिक यायचे. त्यांचे पट्टे आवळायला मदत करायची, सुरक्षेच्या पिना काढून त्यांना मोजून दाखवायच्या, शिडी काढायची आणि बाजूला व्हायचं. मग तो आवाज. आवाज गेला की सिमेंटवर मोकळी जागा उरायची, तेलाचे डाग पडलेली. त्या जागेसमोर आम्ही बसून राहायचो, विमान परत येईपर्यंत.

त्या सीटवर मी शेकडो वेळा बसलो. पण जमिनीवर. मालवाहू विमानात जाळीच्या बाकावर बसून एका तळावरून दुसऱ्यावर गेलो, ते मी धरत नाही. लढाऊ विमानात बसून वर जाणं वेगळं, आणि ते आमच्या वाट्याला येत नसे. फक्त कधीतरी, वर्षाभराचं काम बघून, आमच्यातल्या एखाद्याला दोन सीटांच्या विमानात मागे बसवून एक फेरी मिळायची. एका वर्षी माझं नाव लागलं.

डॉक्टरांची तपासणी झाली. वैमानिकाचा सूट अंगाला लावून पाहिला, बाहीत जरा आखूड होता. दोन दिवस मी धड जेवलो नाही. माझा एक जोडीदार होता, हिमाचलचा, शेजारच्या खाटेवरचा. तो मला चिडवायचा, “नीचे देखना मत, चक्कर आएगा.” जायच्या दिवशी सकाळी सातला ऑफिसात फोन आला. माझ्या मेव्हण्याने एसटीडी बूथवरून केलेला. बायकोला दिवस भरायच्या आधीच यवतमाळला दवाखान्यात नेलं होतं, हालत बरी नव्हती, लगेच निघा.

साहेबांनी उभ्या उभ्या सुट्टी लिहिली. माझी जागा रिकामी जाऊ नये म्हणून तपासणी झालेल्या दुसऱ्या माणसाचं नाव विचारलं. मी जोडीदाराचं सांगितलं.

दोन दिवस गाडीत गेले. धामणगावला उतरून बस धरली. पोचलो तेव्हा मुलगी होऊन एक दिवस झाला होता आणि बायको शुद्धीवर होती. चेहरा पांढरा पडलेला. तिनं विचारलं, “सुट्टी कशी भेटली?” मी म्हटलं, “भेटली.” मुलगी माझ्या पंज्याएवढी होती. तिला हातात घेतलं तेव्हा मला दुसरं काही आठवत नव्हतं, हे खरं आहे. आठवायला लागलं ते नंतर, परत तळावर गेल्यावर. आणि मग ते गेलंच नाही. पुढे माझं नाव कधी लागलं नाही, आणि ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही.

विमान घरी आलं तेव्हा बायको शेजारणींबरोबर कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेली होती. चतुर्थी होती. परत आली तेव्हा अंगणात ट्रॉली आणि गावातली पंधरा-वीस माणसं.

“बाप्पा! हे काय आणलं?”

“विमान.”

“अर्धंच?”

माणसं हसली. ती पदर खोचून जवळ आली, आत डोकावली आणि म्हणाली, “गांधीलमाश्या हायेत. आधी धूर करा लागते.” एवढं बोलून चूल पेटवायला गेली. तिनं मला का म्हणून विचारलंच नाही.

धाकटा भाऊ, डेंटर, पहिल्या रविवारी आपणहून आला. बरोबर हातोड्यांची पेटी. “मोठा भाऊ म्हणला, काका पागल झाले. म्हणून पाहाले आलो,” असं म्हणत तो विमानाभोवती दोनदा फिरला. पत्र्यावर बोटाची गाठ वाजवून पाहिली, रिव्हेटच्या ओळींवरून अंगठा फिरवला. “काका, ज्यानं हे बनवलं ना, त्याच्या हाताले बरकत होती.” तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. मी त्याला भाई म्हणायचो. तो चहाशिवाय काही घ्यायचा नाही.

मी त्याला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. घड्याळांची काच उघडायची नाही. काट्यांवर अंधारात चमकणारा जुना रंग असतो, तो अंगाला लागणं बरं नाही. बाकी सगळं त्याच्या हवाली. कापलेल्या कडा त्याने घासून सरळ केल्या, पोचे आतून ठोकून काढले. वरचं काचेचं झाकण पिवळं पडून त्यावर बारीक रेघांचं जाळं झालं होतं. आम्ही दोघं आलटून पालटून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने ते घासत बसायचो. सगळ्या रेघा गेल्या नाहीत. पण एका दुपारी त्यातून पलीकडची तुरीची पिवळी फुलं दिसली, तेव्हा भाई म्हणाला, “आता झाली काच.”

रंगानं मात्र आमचा घाम काढला. डब्यातला कुठलाच रंग जुळेना. उन्हानं आतला रंग ठिकठिकाणी उडालेला, त्यामुळे खरा कोणता हेही सांगता येईना. मी म्हणायचो, अजून थोडा निळा. भाई म्हणायचा, “काका, तुमची आठवण निळी होत चालली.” शेवटी सीटच्या रुळाखाली तळहाताएवढा तुकडा सापडला, ऊन न लागलेला. भाईने तो घासून पुसला आणि त्याला लागूनच पत्र्यावर रंग कालवून कालवून जुळवत गेला. जुळला तेव्हा तो त्या दोन रंगांची सीमा शोधत राहिला आणि सापडेना.

सीट त्याने माझ्या सांगण्यावरून लोखंडी पट्ट्यांची बनवली. मापं माझ्याकडे कागदावर नव्हती. मी हवेत हात धरून दाखवायचो, इथे खांदा येतो, इथे गुडघा.

आतल्या एका आडव्या पट्टीच्या कडेला रंगाखाली ठोकलेला नंबर निघाला. त्या दिवशी मी घाईघाईने जुनी वही काढली. आमच्या तळावरच्या विमानांचे नंबर मी त्यात लिहून ठेवले होते. मनातून खात्रीच करून टाकली होती की हे त्यांतलंच असणार. वही तीनदा चाळली. तो नंबर नव्हता. ज्या विमानाला मी कधी हात लावला नाही, ज्याच्या शिडीवर मी कधी चढलो नाही, असं कुठलं तरी दुसरंच ते होतं. मी दोन दिवस अंगणाकडे फिरकलो नाही. भाईला कळलं तेव्हा तो म्हणाला, “सख्खं नाही तं चुलत धरा ना काका. घरचंच हाये.” मी पुन्हा कामाला लागलो.

घड्याळं मिळवायची होती. जुन्या सोबत्यांचा फोनवर एक गट आहे, वाढदिवस आणि फुलांची चित्रं पाठवण्यापुरता. त्यात मी फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत ज्यांचे आवाज विसरलो होतो अशा माणसांचे फोन आले. कोणाला दात नव्हते, कोणाला ऐकू येत नव्हतं. सगळे पहिलं हेच विचारायचे, वास येतो का अजून? तेल, रबर आणि तापलेला रंग, असा तो वास. नव्हता येत. मी कोणाला तसं सांगितलं नाही.

हिमाचलच्या जोडीदाराने दोन घड्याळं पाठवली. तळ बंद होताना आठवण म्हणून त्याला मिळालेली. बनियानमध्ये गुंडाळून आली. मी ती बसवत असताना त्याचा फोन आला. हातात पाना होता म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर करून कडेला ठेवला. बायको दुसऱ्या बाजूने जुन्या टूथब्रशने बटणांमधली माती काढत होती.

“मिल गया डिब्बा?”

“मिल गया. बनियान भी तेरी है क्या?”

“नई थी यार. एक ही बार पहनी थी.” तो हसला. “तुझे वो दिन याद है? तेरी बारी थी, और घर से फोन आ गया था.”

मी पाना पुढच्या नटाला लावला.

“मैंने कभी बताया नहीं. तूने भी कभी पूछा नहीं कि ऊपर क्या था.”

बायकोचा ब्रश थांबला होता. फोन उचलून बंद करायला हवा होता, पण मी विचारलं, “क्या था?”

“सच बोलूं? कुछ नहीं देखा मैंने. पूरे टाइम मुंह थैली में था, उल्टी कर रहा था. बस एक बार साहब ने कहा, देख ले, फिर नहीं आएगा. सर उठाया तो जहाज़ उल्टा था. ज़मीन ऊपर थी. खेत, नहर, सब सर के ऊपर. एक रेलगाड़ी जा रही थी, छत पर छिपकली की तरह.” मग म्हणाला, “तू होता तो ठीक से देखता. मुझे हमेशा यही लगा.”

फोन संपल्यावर मी पाना फिरवत राहिलो. ती रेल्वे मी घरी यायला धरलेली नव्हती. माझी गाडी तोवर बरीच पुढे गेली असेल. तरी मी तो विचार करून पाहिलाच.

बायको पलीकडून म्हणाली, “थ्या दिवशी माह्यासाठी आले होते तुमी?”

“हो.”

“मी विचारलं होतं, सुट्टी कशी भेटली.”

“हो.”

“इतके वर्सं झाले. एकदाही सांगा वाटलं नाही?”

“सांगून काय झालं असतं? तुले उगाच वाईट वाटलं असतं. अन् पोरीलेही.”

“वाटू द्यायचं होतं ना मले,” ती म्हणाली. “माह्या वाटणीचं होतं थे. तुमी एकट्यानंच ठेवून घेतलं.” ब्रश तिथेच ठेवून ती आत गेली.

तीन-चार दिवस ती कामापुरतं बोलली. पराटीतल्या कापसाच्या शेवटच्या वेचणीला बाया आल्या होत्या, ती दिवसभर शेतात असायची. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर ती कॉकपिटमध्ये बसलेली. भाईच्या लोखंडी सीटवर, लुगडं गोळा करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी शिडीजवळ जाऊन उभा राहिलो.

“तुमी कुठं बसले असते?”

“मागच्या सीटवर.”

“याले तं मागची सीटच नाही.”

“नाही. हे एकट्याचं आहे. ते वेगळं असते.”

तिनं समोरच्या घड्याळांकडे पाहिलं. “मी असती तं म्हणली असती, जाऊन या. पोरगी काही पळून जात नव्हती.” मग हसली आणि लगेच डोळे पुसले. “नाही म्हणली असती. तवा मी लय भ्याली होती. तुमी दारात दिसले तवा मले वाटलं, आता नाही मरत मी.”

हे मला माहीत नव्हतं. तिनेही ते कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून आली. आईने तिला फोनवर सगळं सांगितलं असणार, कारण ती काहीच विचारत नव्हती. दुपारी पत्रा हात लावू देत नाही, म्हणून आम्ही सकाळी सहालाच अंगणात गेलो. ती सीटवर बसली, मी शिडीवर उभा राहिलो. एकेक घड्याळ दाखवत गेलो. हे उंचीचं, हे वेगाचं, ही जागा रिकामी आहे पण इथे तेलाचं असतं. ती माझ्यामागून बोट ठेवत होती. इंजिन सुरू करायचा सगळा क्रम मी सांगितला. विसरलो असेन असं वाटलं होतं, पण एकही पायरी चुकली नाही.

“आणि मग?” ती म्हणाली.

“मग मी खाली उतरतो.”

“नाही बाबा, मग पुढे विमान कसं...”

“ते मला माहीत नाही.”

 तिनं माझा शिडीवरचा हात धरला, आणि आम्ही तसेच राहिलो, तिच्या आईने चहाला हाक मारेपर्यंत.

जाताना मुलीने आम्हा दोघांची तिकिटं काढून ठेवली. नागपूरहून पुणे, विमानाची. मी नको म्हणत होतो, बायको हट्टाला पेटली. पावसाळा सरल्यावर आम्ही गेलो. बायको खिडकीशी बसली, मी मधे. विमान धावायला लागलं तेव्हा तिने माझं मनगट असं धरलं की नखांचे वण उठले. जमीन सुटली, घरं लहान झाली, शेतांचे तुकडे दिसायला लागले, आणि तिची पकड हळूहळू सैल झाली. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. चांगला होता, एकसारखा.  अंगणातल्या विमानाचं काम पूर्ण झालं की मनातली ती ओढ संपेल असं मी धरून चाललो होतो. ती संपली नव्हती, थोडी वाढलीच होती. ढगांवर ऊन पडलेलं बघत मी ते स्वतःशी कबूल केलं.

“असंच वाटते का त्याच्यात?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“मंग कसं?”

“मले काय माहीत? मी कुठं बसलो.”

“तरी सांगा. जेवढं माहीत हाये तेवढं सांगा.”

मी तिला पहाटेपासून सांगायला सुरुवात केली. चारला उठायचो, कांबळ्याखालून पाय बाहेर काढवत नसे. धावपट्टीवर धुकं असायचं आणि काचेवर दव. तिने खिडकीकडे पाठ केली आणि कान माझ्याकडे केला, कारण इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं.